न धुतलेला गाल

एम. फार्मच्या शेवटच्या वर्षी मी गालाच्या आत चिकटून राहील अशी गोळी बनवत होते. तोंड आलेल्या माणसाला औषध तिथल्या तिथे, हळूहळू मिळावं म्हणून. ती किती घट्ट चिकटते हे बघायला बोकडाच्या गालाची आतली त्वचा लागते, तीही ताजी. कॉलेजजवळ मिळेना. बाबा म्हणाले, "धारगळच्या खाटकाला विचारतो."

बाबा निवृत्त मास्तर, जन्मात मटण न खाल्लेले. तरी आठवड्यातून दोनदा सकाळी स्कूटर काढून बर्फाच्या डब्यातून गाल आणायचे. तो डबा मांडीवर घेऊन मी बसने कॉलेजात जायचे. कोणी विचारलं तर "अभ्यासाचं आहे" म्हणायचे.

प्रयोग साधा होता. त्वचा काचेवर बसवायची, तिच्यावर गोळी अंगठ्याने दाबायची, गोळी तराजूच्या एका बाजूला बांधायची आणि दुसऱ्या पारड्यात थेंब थेंब पाणी सोडायचं. गोळी सुटली की पाणी मोजायचं. माझ्या गोळ्या पाणी सोडायच्या आधीच सुटायच्या.

तीन आठवडे मी चिकट द्रव्याचं प्रमाण बदलत राहिले. माझ्या गाइड मॅडम वही बघून "पुन्हा करा" म्हणायच्या. एकदा बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुन्हा केलं.

शेवटी एका सकाळी बाबांबरोबर मीही गेले. खाटीक गाल पातेल्यात बुडवून काथ्याने घासत होता.

"हे काय करताय?"

"औषधाक लागता म्हणून कडकडीत पाण्यान धुवन देतंय," तो म्हणाला.

गोळी ज्या बुळबुळीत थराला चिकटते, तो थर हा माणूस तीन आठवडे मन लावून काढून टाकत होता. मी समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बाबांकडे वळून विचारलं, "मास्तर, खरांच न धुता?"

"न धुता," बाबा म्हणाले. त्याला ते फारसं पटलं नाही, पण गाल तसाच दिला.

त्या दिवशी पारडं भरत आलं तरी गोळी सुटेना. मॅडम वही बघून "हं" म्हणाल्या.

पुढे औषध न घातलेली एक गोळी बाबांनी हट्टाने स्वतःच्या गालात बसवली. दुपारी आईने ताट वाढलं तेव्हाही ती जागची हलली नव्हती. बाबांनी आरशात बघितलं, बोट लावून बघितलं आणि ताट झाकून ठेवायला सांगितलं.

"माणसालाही चिकटते, असं लिही," ते अर्ध्या तोंडाने म्हणाले.

एका माणसावरून तसं लिहिता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.