तोरणाखालची झडती

पौर्णिमानं शाळेत 'माझे गाव' हा निबंध दर वर्षी लिहिला आणि दर वर्षी गाईडातून उतरवला. 'माझे गाव निसर्गरम्य आहे. गावाशेजारून नदी खळखळ वाहते.' अंजनगाव सुर्जीहून आत शिरल्यावर लागणाऱ्या तिच्या गावाशेजारून नाला वाहतो, तोही वाहिला तर. मार्क मात्र चांगले पडायचे. गाव खरं कसं आहे हे पोरगी शिकली ती पोळ्यात, मोतीरामबुढ्याच्या झडत्या ऐकून.

पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली झूल चढवलेले बैल रांगेनं उभे राहतात आणि माणसं एकमेकांवर झडत्या फेकतात. झडती म्हणजे यमकातल्या दोन-चार ओळी. समोर सरपंच असो की दुकानदार, त्याची खोड काढायची, शेवटी 'हर बोला' म्हणून हात वर करायचा आणि साऱ्या पोळ्यानं 'हर हर महादेव' म्हणून जबाब द्यायचा. जबाब आला की झडती पावली.

मोतीरामबुढ्याचा गळा बसला तेव्हा त्यानं आपली विद्या शेजारच्या या पोरीच्या ओटीत टाकली. मांडीवर थाप मारून ताल शिकवला. शेताकडची पांदणवाट कोणी नांगरली, नळाचं पाणी कोणाच्या गल्लीत दोनदा येतं, कोणाच्या काट्यावर कापूस हलका भरतो, हे सगळं त्यानं तिला यमक जुळवता जुळवता सांगितलं.

"आंधी हसव, बाई," बुढा म्हणायचा. "हसलेल्या मानसाचं तोंड उघडं रायते. मंग त्याच्यात काय टाकाचं ते टाक."

दहावीनंतर कॉलेज सुटलं, झडत्या सुटल्या नाहीत. पण तोरणाखाली बाईमाणूस बोलत नाही. म्हणून पौर्णिमा जुळवायची आणि तिचा मोठा भाऊ बंडू म्हणायचा. बंडूचा आवाज असा, की बैल कान टवकारायचे.

"येष्टी आली अचलपूरची, खिडकीले तिच्या काच नाई,
आत पडते धो धो पानी, बाहेर थेंबाचा जाच नाई! हर बोला!"

बाया देवळाच्या ओट्यावरून ऐकायच्या. पौर्णिमा त्यांच्यात उभी राहून ओठ हलवायची. सुभद्रा, तिची माय, कोपरखळी मारायची, "पुने, तोंड मिट. मानसाइले समजन ना."

मागच्या भादव्यात बंडू महादेवरावाच्या शेतात फवारणीला गेला. गावात सगळ्यांत जास्त शेती महादेवरावाची, तोरण तोडायचा मानही त्याचा. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, बोंडांना अळी लागली होती. पाठीवरच्या पंपाची नळी फुटकी, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. संध्याकाळी बंडू घरी आला तो भिंत धरून. सदरा काढला तर पाठ चटका दिल्यासारखी लाल. पौर्णिमानं साबण लावून ती पाठ धुतली. तो म्हणाला, "पुने, दिवा काऊन लावला नाई अजून?" दिवा लागलेला होता.

अमरावतीच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्याचा जीव गेला. त्याला घेऊन माणसं परत आली, तोवर गावात गोष्ट तयार होती. महादेवरावानंच पारावर सांगितली होती, "पोट्ट्यानं औषध घेतलं म्हनते. लफडं असन काही. आपल्याले का मालूम?" फुटक्या नळीचं नावही कोणी काढलं नाही, आणि बंडूनं औषध घेतलं ही गोष्ट चुलीचुलीपर्यंत गेली. सुभद्रा वर्षभर विहिरीवर सगळ्या बाया गेल्यावर जात होती. तिच्या पोराला कोणी मारलं असं नाही, फवारणीचं औषध पिऊन त्यानंच जीव दिला असं गाव म्हणत होतं. पौर्णिमाला तेवढं एक बोलणं पुसून टाकायचं होतं.

झडती तिनं उन्हाळ्यापासून जुळवली. शब्द ठोकून ठोकून बसवले. पण म्हणणार कोण?

बंडूचा दोस्त देवीदास आता महादेवरावाकडे फवारायला जात होता. तो म्हणाला, "पुनी, तू मले येष्टीवरची दे, सरपंचावरची दे. हे नोको. माह्या घरी खानारे पाच तोंडं हायेत."

मोतीरामबुढ्यानं झडती ऐकली. मांडीवरचा हात थांबला. "बाई, अशी मले बी जमली नसती," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पन आयक. तोरनाखाली म्हटलेलं तोरनासंगच तुटते."

पौर्णिमाला वाटलं, बुढा भ्याला.

पोळ्याच्या दिवशी ती ओट्यावरून उतरली. सुभद्रानं ओढणी धरली, ती तिच्या हातातच राहिली. बैलांच्या रांगेपुढे पोरगी उभी पाहून पोट्टे खिदळले. "अबे, हे कोनाची गाय सुटली?" महादेवराव तोरणाशी उभा होता, फेटा बांधून. त्यानं हसून हात केला, "म्हनू द्या रे. आता पोरीबाईचा जमाना हाये."

तिनं बंडूसारखा श्वास भरला.

"पराटी आली डोक्याच्या वर, बोंडाले लागली अयी,
मालक मोठा हुशार बावा, पंपाची फुटकी नयी!"

हशा पिकला. एकानं शिट्टी मारली.

"अयी बसली कोरडी ठाक, गडी भिजला सारा!"

आता तर माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. कोरडी अळी आणि ओला गडी! महादेवरावही पोट धरून हसत होता.

"अयी जगली, बंडू मेला, हाच का तुमचा फवारा? हर बोला!"

"हर हर महादेव!"

साऱ्या पोळ्यानं जबाब दिला. महादेवरावाचाही हात वर गेला होता. इतक्या वर्षांची सवय, तालावर जबाब येणारच. मग काय म्हटलं गेलं ते एकेकाच्या ध्यानात आलं. हात खाली आले. एका बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. महादेवरावानं इकडेतिकडे पाहिलं आणि काठी उचलून तोरण तोडलं. पोळा फुटला. बैल घराकडे पळाले, त्यांच्यामागे माणसं.

पौर्णिमाला वाटलं, झालं. गावानं हो म्हटलं.

संध्याकाळी बैल दारोदार फिरतात. महादेवरावाची जोडी घेऊन देवीदास पौर्णिमाच्या दाराशी आला, मागून महादेवराव. हातात नारळ आणि शेला. सगळ्यांत चांगल्या झडतीचं बक्षीस दर वर्षी तोच द्यायचा.

"पोरी, मानलं तुले," तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "पोट दुखलं लेका हसू हसू. मोतीरामबुढ्याच्या वरताण केली तू."

शेजारी जमले होते. सगळे हसले, सुटका झाल्यासारखे. मालकानं मनावर घेतलं नाही म्हणजे आता कोणीच घ्यायचं कारण नव्हतं. सुभद्रानं बैलांचे पाय धुतले आणि सवयीनं नारळासाठी ओटी पुढे केली.

"माय, घेऊ नको," पौर्णिमा म्हणाली. "काकाजी, ते हसाची गोठ नोयती."

"मंग?"

यमक आठवेना. लागतही नव्हतं. "बंडूनं औषध घेतलं नाई. तुमच्या पंपातून ते त्याच्या पाठीवर गयत होतं. म्या धुतली त्याची पाठ. तुमाले नयी बदलवाले सांगतलं होतं त्यानं, तुमी म्हटलं पट्टी बांध."

देवीदास बैलाच्या कासऱ्याची गाठ सोडत-बांधत राहिला.

महादेवराव सावकाश म्हणाला, "भाऊ गेला तिचा. जीव जयते, बोलू द्या तिले. आपन नाई मनावर घेत." त्यानं नारळ आणि शेला सुभद्राच्या ओटीत घातला आणि बैल पुढच्या दाराकडे वळवले.

त्यानंतर सुभद्राला निंदणासाठी त्याच्या शेतातून बोलावणं आलं नाही. दुसऱ्यांच्याही नाही. आणि गाव अजून म्हणत होतं, बंडूनं घेतलं.

भादवा अर्धा सरला. पौर्णिमा नाल्याकडे कपडे धुवायला निघाली होती, तर पांदणीनं देवीदास येत होता, पाठीवर पंप. गुणगुणत होता. जवळ आल्यावर तिला शब्द कळले. 'अयी बसली कोरडी ठाक, गडी भिजला सारा.' चाल छान बसली होती, कोणाच्याही तोंडी बसली असती.

तिला पाहून तो चपापला. नळीला तीच पट्टी होती.

"देवीदास, खाली ठेव तो पंप."

"रोजी सोडू का, पुनी?"

"तू ऐकलं ना सारं? दोनदा ऐकलं."

"ऐकलं ना," तो म्हणाला. "मले तं पाठ हाये." आणि तो पऱ्हाटीत शिरला. थोड्या वेळानं त्याचं डोकंही दिसेना, नुसता फवाऱ्याचा आवाज.

पौर्णिमानं बादलीतले कपडे बांधावर ओतले. नाल्यावरून बादली भरून आणली, कपड्यांचा साबण काढून शेजारी ठेवला आणि तिथंच बसली, देवीदास बाहेर येईस्तोवर.