परखी आणि भरताची वांगी

तुमसरच्या आमच्या घरमालक काकाजींइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, हे त्यांना मान्य नसे. अंगणात येऊन ते स्वतः पूर्वेकडे पाहून घेत. त्यांचं आयुष्य राइस मिलमध्ये तांदूळ पारखण्यात गेलं होतं. पोत्यात खुपसून आतला माल बाहेर काढायची ती पोकळ, टोकदार परखी त्यांनी घरी आणून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली होती. आणीबाणी उठली त्या वर्षी मी आंबागडाखालच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो, तेव्हा त्यांनी मला मागची खोली दिली; पण मी खरंच शिकतो, यावर काही त्यांचा विश्वास बसला नाही. रोज सकाळी माझा कंदील हलवून ते रॉकेल किती उतरलं ते पाहत. "कमी जळलं रे. वाचत होता का झोपला होता?"

पण संशयाचा खरा कस लागे तो भरताच्या वांग्यांवर. भरीत म्हणजे काय मोठं? वांगं भाजावं, सोलावं, मीठ, हिरवी मिरची, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि वरून जवसाचं कच्चं तेल. काकाजींच्या हाती मात्र त्याची चौकशी होई. बाजारात ते प्रत्येक वांगं तळहातावर तोलत, कानाशी हलवत, देठाखाली डोळा लावून बसत. भाजीवाली म्हणे, "काकाजी, वांगं घेऊन राहिले का पोरीसाठी नवरदेव पाहून राहिले?" "नवरदेव बोलते तरी," ते म्हणत. "हे तोंड मिटून बसते, म्हून तर भेव." घरी आल्यावर अळीच्या शोधात त्याच परखीने वांग्याला तीन बाजूंनी भोकं पडत. मग भाजताना सगळा रस निखाऱ्यांवर चुरचुरे आणि भरीत भुशासारखं कोरडं होई. "अळी नाई, पन चवही नाई," काकू म्हणत. काकाजी घास चावत उत्तर देत, "धोका तर नाई!"

मी बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही पाहिली नव्हती. शिक्षकाची नोकरी लागली आणि हिवाळ्यात खोली सोडायच्या दिवशी बाबा परसातली टोपलीभर वांगी घेऊन आले. काकाजींचे उपकार फेडायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. "आपल्या बाडीतले हायेत, मालक. एक-एक निवडून आनलं. किडकं निंगालं त माह्यं नाव बदला."

काकाजींची नजर खिळ्याकडे गेली. परखीचं टोक वांग्यात नाही, बाबांच्या शब्दात घुसणार होतं.

त्यांनी परखी काढली. हातात तोलली. मग माझ्याकडे दिली. "माळ्यावर टाक. कायले टोचाचं? रस जाते."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "बरं नाई वाटून राहिलं का तुमाले?"

अंगणात तुराट्या पेटल्या. न टोचलेलं पहिलंच वांगं फट्कन फुटलं आणि काकाजींच्या मिशा राखेने पांढऱ्या झाल्या. तरी ते हलले नाहीत. सोलायला मात्र ते बाबांकडे पाठ करून बसले. मी शेजारी होतो. तिसऱ्या वांग्याची साल निघाली आणि गरात अळी दिसली, चांगली भाजलेली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. अंगठ्याने तेवढा गर खरवडून त्यांनी राखेत दाबला, आणि मागे वळून मिलमधल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "भाऊ, माल चोख हाये!"

"मी म्हनलं होतं नं!" बाबा असे हसले, की मला ताटात बघावं लागलं. ते भरीत ओलं होतं, धुराच्या वासाचं होतं. काकाजींनी दोनदा घेतलं.

आता ते दोघेही नाहीत. मी गॅसवर भरीत करतो. बाजारचं वांगं असेल तर आधी चीर देऊन आत पाहतो. काकाजींच्या घरची ती सवय. पण कुणी आपल्या बाडीतलं म्हणून आणून दिलं, तर मी ते तसंच भाजतो, आणि पाहुण्याकडे पाठ करून सोलतो.