बॉयलरकाकांची जाग

बॉयलरकाका गेले, हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

कापड रंगवायच्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे. वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेकडे कधी सरकेल याचा नेम नसतो. तिथे डोळा लागून चालत नाही. निवृत्तीनंतरही त्यांचं झोपेशी जमलं नाही. मी त्यांच्या माडीवरचा भाडेकरू. मी कविता वाचून दाखवू लागलो की मात्र ते पेंगायचे. ‘औषध चांगलंय,’ म्हणायचे, ‘जरा कडू आहे.’

या हिवाळ्यात काकूंना फ्लू झाला. त्या सारख्या झोपायच्या. माणूस विझत चाललाय, असं काकांनी मनाशी धरलं. घडीघडी त्यांना हलवायचे, थर्मामीटर लावायचे, गरम पाणी पाजायचे. काकू पार थकल्या.

‘अहो, मी काय तुमचा बॉयलर आहे?’

शेवटी डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेतलं. विषाणू शिरला की शरीर आपणहून झोप मागतं, त्याच्याशी झुंजायला तिची मदत होते, तेव्हा उठवू नका. तुम्हीही झोपा. जागरणाने तुमची ताकद उतरेल आणि हाच ताप तुम्हाला गाठेल. काकांनी पहिलं ऐकलं, दुसरं कानाआड केलं. खुर्ची दाराबाहेर नेली आणि काकूंचा श्वास ऐकत बसून राहिले. मी बसतो म्हटलं तर म्हणाले, ‘तू पुस्तक उघडशील. लक्ष सुटेल.’

काकू उठल्या आणि काका पडले. ताप छातीत उतरला. इस्पितळात त्यांना झोप हवी होती, ती खोकल्याने येऊ दिली नाही. तिथेच ते गेले.

‘माझ्यापायी जागले, म्हणून का हो?’ काकूंनी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय होतं, फुप्फुसं आधीच थकलेली होती, एकट्या जागरणावर खापर फोडता येणार नाही. काकूंनी ऐकून घेतलं. पण घरी आल्यावर त्यांचा डोळा लागेना. अंगात पुन्हा कसर आली.

आज दुपारी त्यांचे दीर भेटायला आले तेव्हा काकू नुकत्या कुठे झोपल्या होत्या. ‘वहिनीला उठवतो, लांबून आलोय,’ म्हणत ते खोलीकडे निघाले. मी दारात उभा राहिलो.

‘आत्ता नको. आपण बाहेर बसू.’

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हा भाडेकरू कोण सांगणारा, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी हललो नाही.