डाव्या गालाचा रंग

गोदूबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काचेच्या पेल्यात गेरू ढवळत होत्या आणि कल्याणच्या एका काष्ठौषधीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. "गेरू म्हणून विटेची पूड बांधून देतो मेला! बघा, कशी झटकन बुडाली." चांगला गेरू पाण्यात सावकाश बसतो, वरचं पाणी बराच वेळ तांबडं राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी फक्त वाटीभर साखर मागायला गेले होते.

साल चौऱ्याऐंशी असेल. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत त्यांची खोली शेवटची, माझी तिच्या अलीकडची. खोलीत भांडी कमी आणि बरण्या जास्त. पिवळ्या मातीची पिवडी, गेरू, जस्ताचा सफेदा, लालभडक हिंगूळ, शंखजिरं, अभ्रकाचा भुरका. प्रत्येक झाकणावर मेणकापड घट्ट बांधलेलं, कारण पावसाळ्यात हवा लागली की वस्त्रगाळ भुकटीसुद्धा गोळे धरते. सगळ्यांत वरच्या फळीवर मुर्दाडशिंगाची बरणी, एकटीच. जुन्या नाटकवाल्यांचा हा चेहऱ्याचा रंग, शिशाच्या दगडापासूनचा, दिवसचे दिवस खलून लोण्यासारखा करायचा. तोंडाला असा बसतो की त्याच्यापुढे बाजारची पावडर म्हणजे भिंतीचा चुना. पोटात गेला तर मात्र माणूस संपतो. त्या बरणीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

त्यांचा नवरा दौलत, साताऱ्याकडून आलेला रंगभूषाकार. गणपतीतली नाटकं, जत्रेतली नाटकं, गिरणी कामगारांच्या नाट्यस्पर्धा, सगळीकडे त्याची पेटी. रंग नीट खलला गेला का, हे तो जिभेवर चिमूट ठेवून बघायचा. दाताखाली कचकचलं की खल पुन्हा बायकोपुढे ढकलायचा. दारू प्यायला की तिला मारायचा, हाताला येईल त्यानं. आणि दुसऱ्या दिवशी तिला खिडकीपाशी उजेडात बसवून, हनुवटी धरून, सुजलेल्या गालावर रंग चढवायचा. मारणाराही तोच आणि रंगवणाराही तोच! "हात फार हलका होता हो त्यांचा," असं गोदूबाई सांगायच्या, तेव्हा त्या मेलेल्या माणसाला उकरून काढून जोड्यानं हाणावंसं मला वाटायचं.

शेवटी मुर्दाडशिंगानंच त्याला खाल्लं. पोटात कळा येत, मनगटं लुळी पडली, ब्रश धरवेना. घास गोदूबाई भरवायच्या. भरवताना काय वाटायचं, असं मी एकदा विचारलं. "त्याचा हात उठत नाही, एवढंच बघत बसायचे मी," त्या म्हणाल्या.

पेटी त्यांच्याकडे राहिली. नाटकवाल्यांनी बाईमाणसाला कधी बोलावलं नाही. त्यांच्याकडे आल्या त्या बायका. उद्या बारसं आहे, परवा हळदीकुंकू आहे, आणि आज नवऱ्यानं थोबाड फोडलंय. मग पदर तोंडावर ओढून शेवटच्या खोलीत. कल्याणहून यायच्या, दिवा जंक्शनहून यायच्या. गोदूबाई आधी मार बघायच्या, मग बरणी काढायच्या. कालचा मार निळा, त्याच्यावर पिवडीत किंचित गेरू. चार दिवसांचा हिरवट, त्याला आधी तांबडं अस्तर. नवीन आणलेला रंग त्या जिभेवर कधीच ठेवत नसत. कोपराच्या आतल्या बाजूला लावून दारात उन्हात उभ्या राहायच्या. दिव्याखाली चांगला दिसणारा रंग उन्हात दगा देतो, असं त्यांचं म्हणणं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा मार खाल्लेल्या त्या बायका. गोदूबाईंच्या दारातून बाहेर पडताना लग्नाला निघाल्यासारख्या दिसायच्या.

मी भांडायचे. "तुम्ही झाकता म्हणून त्या हलकटांचं फावतं."

"झाकलं नाही तर ती घराबाहेरच पडत नाही, बाई," त्या म्हणायच्या. "माणसांत जाऊन घटकाभर हसून तर येते."

मग आमच्याच चाळीत शकू नांदायला आली. डोंबिवलीपलीकडच्या खाडीकाठची कोळ्याची पोर, मोरू नाखव्याची लेक. नवरा कान्हा, त्याच गावचा, इकडे रिक्षा चालवायचा. बोटात जाड अंगठी, तोंडात कायम शिवी. एकदा भर दुपारी नळावर तिचा हंडा कुणाच्या तरी पायावर सांडला, म्हणून त्यानं तिला केसांना धरून मोरीच्या कठड्यावर आपटली. दाढ तुटून रक्ताबरोबर बाहेर आली. मी त्याच्या पाठीत भरलेली बादली घातली, तर त्यानं मला असं ढकललं की माझी कोपरं सोलून निघाली. चौकीत गेलो, तर हवालदार म्हणाला, घरगुती मामला आहे, समजुतीनं घ्या.

मोरू नाखव्यानं जमातीचे पंच बसवले. त्या गावची रीत अशी की बाईनं माराची तक्रार आणली, तर पंच तिचं तोंड आणि हात बघणार. पदराला हात लावायचा नाही. दिसेल तो मार खरा. पण आदल्या दिवशी शकू गोदूबाईंपुढे येऊन बसली. "मावशी, अख्खा गाव येईल. बापासला असा तोंड कसा दाखवू?" माहेरी जाणारी पोर काळ्यानिळ्या तोंडानं जात नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. आणि गोदूबाईंनी रंग चढवला. त्या दिवशी त्यांनी इतकं सुरेख काम केलं की मीसुद्धा बघत राहिले. उन्हात उभं केलं तरी कळेना.

पंचांनी बघितलं. पोरीचं तोंड तर गौरीसारखं! बापच ओशाळला. "संसार हाय, भांडनं व्हतातच," म्हणून त्यानं लेकीला परत पाठवलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. गोदूबाईंना कळलं तेव्हा त्या दिवसभर जेवल्या नाहीत.

कान्हा मात्र शहाणा झाला. त्या दिवसापासून त्यानं तिच्या तोंडाला बोट लावलं नाही. सायकलची ट्यूब आणली आणि पाठीवर मारायला लागला. तोंडात बोळा कोंबायचा, म्हणून आवाज यायचा नाही. आम्हाला वाटलं, थांबलं. चैत्रात एकदा शकू गोदूबाईंच्या उंबऱ्यातच कोसळली. पोलकं पाठीला चिकटलं होतं. कोमट पाणी सोडून सोडून आम्ही ते सोडवलं, तर कापडाबरोबर कातडीही आली.

शकूच्या तक्रारीवरून पंच दुसऱ्यांदा बसणार होते, आणि तिसऱ्यांदा बसायची रीत नव्हती. ह्या खेपेला परत पाठवली तर कान्हा तिला जिवंत ठेवत नाही, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

"पाठ दाखव त्यांना," मी म्हणाले.

"बापय मानसांना पाठ दाखवू? बाईमानूस हाय मी," शकू म्हणाली. "त्यापरीस खाडीत उडी मारेन." आणि तिनं दाखवली असती तरी त्यांनी माना खाली घातल्या असत्या. तोंड मात्र स्वच्छ होतं. त्या स्वच्छ तोंडाचा मला इतका संताप आला!

गोदूबाईंनी स्टुलावर चढून एकेक बरणी खाली घेतली. हिंगूळ, पिवडी, कपड्यांची नीळ, काजळ. "बस इथं उजेडात," त्या शकूला म्हणाल्या. "आजवर खरा मार पुसत आले. आज पुसलेला परत काढते."

त्यांनी डावा गाल घेतला, कारण कान्हा उजव्या हाताचा. गालफडावर निळं-तांबडं, कडेला हिरवट, त्याच्याही बाहेर पिवळं विरत गेलेलं. डोळ्याखाली काजळाची अशी सावली की डोळा सुजलेला वाटावा. शेवटी काडीला हिंगूळ लावून अंगठीचा एक ओरखडा. आरशात बघून शकू रडायला लागली, तेव्हा गोदूबाईंनी तिला झिडकारलं. "रडू नकोस! ओघळ येईल."

आम्ही तिघी बसनं डोंबिवलीला आणि पुढे रिक्षानं गावात गेलो. देवळापुढच्या मांडवात पंच बसले होते. ऊन मी म्हणत होतं. खाडीची दमट हवा, वारा नावाला नाही. शकूच्या ओठावर घाम डवरला, मग कपाळावर. गोदूबाईंचं सगळं लक्ष त्या घामाकडे. माझ्या दंडात त्यांची नखं रुतली होती.

शकूनं पदर मागे घेतला. मांडवातल्या बायकांच्या तोंडून हाय निघाली.

कान्हा ताडकन उठला. "खोटा हाय! मी तोंडाला हात नाय लावला, आईशप्पथ! मागल्या खेपेपासून एकदा पन नाय!"

"मंग कुठं मारलास?" म्हातारा पंच म्हणाला.

"पाठीव मारला! ट्यूबनं, पाठीव! तोंडाव नाय!"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. पण तो म्हातारा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "पाठीव मारला म्हनतो, आन मार दिसतो गालाव," तो म्हणाला. "ह्यात कायतरी लबाडी हाय. पोर खोटी निघाली तर तिला परत जावा लागंल. नाखवा, तू बाप हायेस. तू बघ हात लावून."

मोरू नाखवा उठला. उंच, वाळका माणूस, दोर ओढून ओढून हात राठ झालेले. लेकीसमोर उभा राहिला आणि दुखेल म्हणून अगदी हलकेच त्यानं तिच्या गालावर अंगठा फिरवला. घामानं भिजलेला रंग अंगठ्यावर आला. मी हातभर अंतरावर होते, मला स्पष्ट दिसला. त्यालाही दिसला. शकूनं डोळे मिटले.

नाखवा अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्यानं लेकीच्या पाठीकडे बघितलं, जिथे पोलक्यातून जखमांचं पाणी पाझरून डाग पडला होता. त्यानं अंगठा तळव्यात घेतला आणि त्याच्यावर चार बोटं आवळली.

"मार खरा हाय," तो पंचांना म्हणाला.

आणि वळून त्याच मुठीनं कान्हाच्या तोंडावर ठोसा घातला. अंगठा आत ठेवून मारू नये, हे कोळ्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कान्हा नाक धरून खाली बसला, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. नाखव्यानं पुन्हा मारलं, तसंच, आणि पुन्हा. चौघांनी मिळून त्याला ओढलं तेव्हा त्याचा चेहरा वेदनेनं पांढराफटक पडला होता. "हात बघू, हात मोडला तुझा," म्हणून म्हातारा पंच पुढे झाला.

नाखव्यानं मूठ उघडली नाही. ती छातीशी धरून दुसऱ्या हातानं त्यानं शकूचं मनगट पकडलं.

"चल पोरी," तो म्हणाला, "घरा चल."