धुळे ते यावल, किक मारत मारत

नाताळची सुट्टी लागली आणि धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या चाळीतले विद्यार्थी भाडेकरू बॅगा उचलून एका संध्याकाळी आपापल्या गावी गेले. मी तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मूळ रत्नागिरीकडचा. आई गेल्यानंतर कोकणातलं घर बंद झालं होतं आणि वडील पुण्याला थोरल्या भावाकडे राहत होते. तिथे दोन खोल्यांत आधीच सहा माणसं. "ये ना," असं भाऊ पत्रात लिहायचा, पण कधी ये ते लिहायचा नाही. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. मला धुळ्यात येऊन सहा महिने झाले होते आणि त्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी लक्षात आलं, की सकाळपासून मी दूधवाल्याशी दोन शब्द बोललो, ते सोडले तर कोणाशीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. कुठे जायचं ते नकाशात बघून ठरवलं. जळगावच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी यावल दिसलं. नाव आवडलं, एवढंच कारण.

गाडी होती ती बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याने जाताना मला विकलेली. काळी, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं अशी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच लहान. तिच्याबद्दल मला तीनच गोष्टी माहीत होत्या : थंड असेल तर चोक ओढायचा, उभी केली की पेट्रोलची तोटी बंद करायची आणि किक जपून मारायची, कारण ती उलटी बसते. उलटी बसलेली किक काय असते ते माझ्या नडगीला आधीच कळलं होतं.

खानदेशातली डिसेंबरची सकाळ बोचते. पंचवीस-तीस किका मारून मी घामाघूम झालो तेव्हा गाडी चालू झाली. पांझरेच्या पुलावरून जाताना खाली पात्रात पाण्याची बारीक धार आणि वाळूत वाळत घातलेले कपडे दिसले. पुढे पारोळ्याचा रस्ता. आज तुम्ही त्या बाजूने गेलात तर चौपदरीवरून भुर्रकन निघून जाल, पण तेव्हा एकेरी डांबर होतं आणि समोरून ट्रक आला की मातीत उतरायचं. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, वेचणी बरीचशी झालेली.

पारोळ्याला चहा घेतला. गाडी पुन्हा चालू झाली, गावाबाहेर अर्धा किलोमीटर गेली आणि खोकत बंद पडली. मी किका मारत सुटलो. रस्त्याकडेच्या शेतात एक माणूस बैलांना पाणी दाखवत होता. बराच वेळ त्याने माझी धडपड पाहिली, मग बांध ओलांडून आला आणि गाडीकडे वाकून म्हणाला, "भाऊ, पेट्रोलनी तोटी बंद शे."

चहासाठी थांबलो तेव्हा मीच बंद केली होती. नळीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी तेवढी अर्धा किलोमीटर आली होती. तो मला हसला नाही. कुठून आलो, कुठे चाललो, घरी कोण असतं, सगळं विचारलं आणि पाच मिनिटांनी बैलांकडे परत गेला. निघताना मला जाणवलं, की सहा महिन्यांत घरी कोण असतं हे मला कोणी विचारलं नव्हतं.

एरंडोलच्या पुढे दुसरा प्रकार. डबा खायला एका झाडाच्या सावलीत थांबलो आणि परत निघताना सवयीने चोक ओढून किक मारली. इंजिन तर तापलेलं. पेट्रोल जास्त गेलं, प्लग ओला झाला आणि गाडी मुकी. तेवढ्यात सायकलला कापूस पिंजायची धनुकली बांधलेले एक मुसलमान चाचा उतरले. त्यांनी हिंदी-मराठी मिसळून सांगितलं ते मी आजही तसंच करतो, आणि जुनी टू-स्ट्रोक घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला सांगतो : तोटी बंद, चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि दहा-बारा किका. जास्तीचं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. तरी नाहीच झाली तर प्लग काढून कोरडा पुसायचा. प्लग पुसायला त्यांनी आपल्या पिशवीतला कापसाचा बोळा दिला. गाडी चालू झाल्यावरच ते सायकलवर चढले. मी त्यांना मागे टाकून गेलो तेव्हा त्यांनी एक हात वर केला.

जळगावला स्टेशनाजवळच्या लॉजवर पंचवीस रुपयांत खोली मिळाली. खाली खाणावळीत शेवभाजी खाल्ली. इतकी तिखट होती की नाकाडोळ्यांतून पाणी, आणि समोरच्या टेबलावर एक कुटुंब तेच खात हसत होतं. मी लवकर वर गेलो.

दुसऱ्या दिवशी भुसावळवरून तापी ओलांडली आणि देश बदलल्यासारखा वाटला. केळीच केळी. पानांच्या भिंतींमधून रस्ता, घड भरलेल्या बैलगाड्या आणि समोर निळसर सातपुडा. यावल जवळ आलं असताना गाडी एकाएकी गप्प झाली. तोटी उघडी होती, चोक बंद होता. मला येत होतं ते सगळं करून झालं. मग ढकलत निघालो आणि गावाच्या कडेला पत्र्याची एक शेड लागली : 'ऑइल इंजिन दुरुस्ती'.

आत सत्तरीचे एक गृहस्थ पोत्यावर इंजिन मोकळं करून बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणालो. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. मोटारसायकल हे आपलं काम नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं, पण हात पुसत उठले. गाडीला हात न लावता त्यांनी मलाच सगळं करायला लावलं. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, पेट्रोल, ठिणगी आणि हवा, आणि याच क्रमाने शोधायचं, उगाच इकडेतिकडे पाने फिरवायचे नाहीत, हे त्यांचं सांगणं. आधी तोटी बघ. मग प्लग काढ, टोपीत बसव, इंजिनाला टेकव आणि किक मार. ठिणगी नाही. मग मॅग्नेटवरचं झाकण काढायला लावलं. ठिणगी पाडणारे आतले पॉइंट काळे पडले होते. पॉलिश पेपरची बारीक पट्टी मध्ये घालून घासली, पुन्हा किक, आणि प्लगच्या टोकाला निळा ठिपका उडाला. मला इतका आनंद झाला की मी तो चार वेळा उडवून पाहिला.

नाना म्हणाले की उशीर झालाय, जेवूनच जा. शेडमागेच त्यांचं घर. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. त्या मला पहिल्यापासून मास्तर म्हणू लागल्या, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणारा काही मास्तर नसतो हे सांगूनही. कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. हिवाळ्यात त्या भागात गेलात तर दुसरं काही मागू नका. मुली लग्न होऊन गेल्या होत्या, मुलगा सुरतेला होता. अक्का मला वाढत होत्या आणि मी पोट भरल्यावरही नाही म्हणत नव्हतो. त्यांनीच ओसरीवर गोधडी टाकली.

सकाळी गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. मी दोघांच्या पाया पडलो, निरोप घेतला आणि सातपुड्याकडे गेलो. रस्ता डोंगरापाशी कच्चा होतो. सागाची पानं गळत होती. एका ओढ्याकाठी दगडावर बसलो. जागा सुंदर होती आणि ते सांगायला जवळ कोणी नव्हतं. तासाभरात मला तिथे बसवेना.

आता मी जे केलं ते इतक्या वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. परतीच्या वाटेवर नानांची शेड दिसायला लागली तेव्हा मी चालत्या गाडीवर वाकून पेट्रोलची तोटी बंद केली. गाडी शेडच्या थोडी अलीकडे खोकून थांबली. मी दोन-चार किका मारल्याचं नाटक केलं आणि ढकलत दारात आणली. नानांना सांगितलं, की परत तेच झालं, काही कळत नाही.

नाना तेच इंजिन समोर घेऊन बसले होते. उठले, गाडीजवळ आले. त्यांचा हात सरळ तोटीवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी ती उघडली नाही. माझ्याकडे पाहिलं. काल याच माणसाने मला सांगितलं होतं की आधी तोटी बघ.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "असंच आलं तरी चालतं नं. गाडी कायले बंद पाडतो?"

खोटं सांगायला काही सुचलं असतं तर मी तेही सांगितलं असतं. नानांनी आत वळून अक्कांना चहा टाकायला सांगितला आणि पुन्हा पोत्यावर बसले. मीही समोर बसलो. बराच वेळ ते एकाच नटावरून रॉकेलचा फडका फिरवत राहिले. मी विचारलं, हे इंजिन कोणाचं आहे, कधी द्यायचंय.

"कोणाचंच नाही," ते म्हणाले. "आता सगळ्यांच्या विहिरीवर विजेची मोटर आली. हे मी दर पंधरा दिवसांनी खोलतो अन् परत जोडतो. दार उघडून बसाले काही तरी लागते नं."

अक्का चहा घेऊन आल्या. त्यांना हे माहीत असावं, कारण त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. त्या दिवशी मी नानांबरोबर ते इंजिन जोडलं. कुठला वायसर कुठे बसतो हे ते विचारायचे आणि मी चुकायचो. गाडीची तोटी मी संध्याकाळी, कोणी बघत नसताना उघडली.

त्या रात्रीही ओसरीवरच झोपलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. परत येताना जळगावहून पाचोऱ्याची वाट धरली, वेगळा रस्ता बघावा म्हणून. पाचोऱ्याला रेल्वे फाटकाशी थांबलो, गरम भजी खाल्ली. गाडी पहिल्या किकला चालू. भडगावला थांबलो, पहिल्या किकला चालू. पारोळ्याच्या अलीकडे मुद्दाम झाडाखाली उभा राहिलो. बैलगाड्या गेल्या, एक बस गेली, शाळेच्या शिक्षिका सायकलवरून गेल्या. रस्त्याकडेला एक माणूस धड चालू असलेल्या गाडीशेजारी उभा आहे, त्याच्याशी कोण कशाला बोलेल? यावल सोडल्यापासून मी भजीवाल्याखेरीज कोणाशी बोललो नाही. गाडी शिकलो होतो, आणि रस्ता आधीपेक्षा लांब वाटत होता.

प्रवासाचं म्हणाल तर हा फेरा आजही करण्यासारखा आहे. हिवाळ्यातच करा, सकाळी स्वेटर आणि दुपारी टोपी दोन्ही घ्या, आणि जुनी गाडी असेल तर जादा प्लग आणि पॉलिश पेपरची घडी खिशात ठेवा. मी यावलला पुढे दोनदा गेलो, काही काम नसताना. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शेडला कुलूप होतं आणि शेजाऱ्यांनी सांगितलं की मुलगा दोघांना सुरतेला घेऊन गेला. पत्ता कोणाकडे नव्हता. गाडी मी नंतर विकली.

पण त्या पहिल्या फेऱ्याहून परतलो ती संध्याकाळ सांगायची राहिली. चाळ अजून रिकामीच होती. फक्त व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत दिवा होता. तिथे मोजणी खात्यातले एक गृहस्थ राहायचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, एकटे. आम्ही नळावर एकमेकांना वाट द्यायचो, तेवढीच ओळख. मी हातपाय धुतले, पांढरा शर्ट घातला आणि त्यांचं दार वाजवलं.

त्यांनी दार अर्धं उघडलं. काही लागलंय का, तब्येत बरी नाही का, असं काळजीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "सहज आलो."

ते क्षणभर दार धरून उभे राहिले, जणू असा पाहुणा कुठे बसवतात ते आठवत होते. मग आत गेले. खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर छातीपर्यंत वर्तमानपत्रांची चळत होती. ती त्यांनी तीन खेपांत उचलून जमिनीवर ठेवली, खुर्ची फडक्याने पुसली आणि माझ्याकडे सरकवली.