बाटलीवाल्या काकूंची हरकत

आमच्या खाडीसाठी मला पहिली मदत केली ती बाटलीवाल्या काकूंनी, हे आधी सांगतो. काय झालं ते मागून. कारण ते सांगायला लागलो की मला राग येतो, आणि रागाच्या भरात उपकाराची गोष्ट राहून जाते.

काकू कुणाच्याही घरी गेल्या तरी पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरायच्या, मग त्याचा वास घ्यायच्या आणि मगच पाणी प्यायच्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. वाढणारी बाई गोरीमोरी व्हायची. काकूंना त्याचं काही नसे. "जिंदगी गेली पाण्याच्या बाटल्या धुण्यात, बाप्पा. आता डोळ्याले सवय लागली, मी काय करू?" नागपुरातल्या एका पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्या कामाला होत्या. गावोगावच्या विहिरींचं, नाल्यांचं पाणी ज्या बाटल्यांतून येई त्या धुवायच्या, वाळवायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. निवृत्त झाल्या तरी नाव राहिलं. गल्लीत नवा आलेला माणूस ते नाव ऐकून गालात हसला की त्याच म्हणायच्या, "हो गा, माह्याकडे भेटते. पण नुसतं पाणीच भेटते."

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायचो. माझं गाव कोकणात, खाडीच्या मुखाशी. आठवीत शाळा सोडली, भांडी घासता घासता सुरमई तळायला शिकलो आणि नागपुरात सदर भागातल्या एका मासळीच्या हॉटेलात आचारी म्हणून लागलो. मी मुळात भित्रा. सरकारी शिक्क्याचा कागद पाहिला की न वाचताच घडी करून ठेवतो. म्हणून धाकट्या बहिणीने मोबाइलवर नोटिशीचा फोटो पाठवला तेव्हा दोन दिवस मी तो उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी काकूंच्या ओट्यावर बसून उघडला. काकू म्हणाल्या, "मोठ्यानं वाच."

वाचलं. औद्योगिक वसाहतीचं 'प्रक्रिया केलेलं सांडपाणी' नव्या पाइपातून आमच्या खाडीच्या मुखाशी समुद्रात सोडायचं होतं. हरकती असल्यास लेखी द्याव्यात, त्यानंतर जनसुनावणी. जुना, लहान पाइप खाडीत वरच्या अंगाला होताच. त्याच्या आसपासच्या तिसऱ्या केव्हाच संपल्या होत्या. तिसऱ्या म्हणजे चिखलातले शिंपले. ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात वाकून त्या काढतात. माझ्या आईने आयुष्यभर हेच केलं, त्यावर आम्हा दोघांना वाढवलं. आता मुखाशी तेवढी जागा उरली होती, आणि नवा पाइप नेमका तिथेच येणार होता.

"पण प्रक्रिया केलेलं आहे म्हणतात," मी म्हणालो.

काकू उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. त्यांचे वडील सूत रंगवायचे. त्या म्हणाल्या, "माह्या बापानं रंगाचं पाणी दोन दिवस हौदात ठेवलं, की वरचं पाणी काचेवानी साफ दिसे. तेच माय परसातल्या मेथीले घाले. मेथी मेली. रंग गेला म्हणून पाणी सुधरलं काय रे?"

त्या रात्रपाळीवरून परतलेल्या माणसासारख्या दमलेल्या दिसायच्या नेहमी, पण हे बोलताना ताठ बसल्या.

मी हरकत लिहायला घेतली. 'आम्हा गरिबांवर दया करावी ही नम्र विनंती,' अशी सुरुवात केली. काकूंनी कागद ओढून घेतला. "पाइप त्याइचा, समुद्र तुमचा, अन् विनंती तू काहून करून राहिला? दया मागाले गेला काय तू? हरकत लिव, हरकत!" मी दुसरा कागद घेतला. त्यावरही हात जोडलेलेच होते. तोही फाडला. त्या दिवशी माझी अर्धी वही गेली.

मग त्या म्हणाल्या, पाणी पाहिल्याशिवाय आपण बोलायचं नाही, तुह्या आईले एक बाटली भरून पाठवाले सांग. आमच्या हॉटेलात मासळी बर्फाच्या खोक्यातून यायची, ती पाठवणारा व्यापारी आमच्याच बाजूचा. आईची बाटली सुरमईच्या शेजारी, बर्फात बसून नागपूरला आली. काकूंनी ती उजेडाकडे धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आत गाळाचा कणही नव्हता. आईला फोन लावला.

"आई, पाणी कुठलं भरलंस?"

"होडीने बाहेर गेले होते ना. चांगली भरती लागली तेव्हा भरलं. आणि धुवट पातळातून दोनदा गाळलं. परक्या माणसाकडे गढूळ पाणी कसं पाठवायचं?"

काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता मध्येच थांबल्या. "तो रिपोट आण," म्हणाल्या.

पाइप टाकणाऱ्या कंपनीच्या अहवालाचा मराठी सारांश बहिणीने पाठवला होता, मी त्याची प्रत काढून आणली होती. जुन्या पाइपाजवळचं पाणी तपासलं, सगळं मर्यादेत, असं त्यात होतं. काकूंनी तक्त्यातल्या तारखांवर आणि वेळांवर बोट ठेवलं. "ह्या टायमाले तुह्या खाडीत पाणी चढेल राहते का उतरेल?"

हे मला येत होतं. शाळेत काही आलं नाही, पण हे येत होतं. आमच्याकडे तिथी कळली की भरती कळते. तिथीला पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. काकूंनी फडताळातले डबे खाली ठेवून त्याखाली अंथरलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. मी बोटांवर मोजत गेलो. एक नमुना, दुसरा, तिसरा. सगळेच्या सगळे ऐन भरतीचे. समुद्र काठोकाठ भरलेला असताना पाइपाच्या तोंडाशी बाटली बुडवली तर तीत येणार काय? समुद्रच. बायका चिखलात उतरतात, तिसऱ्या श्वास घेतात, ते ओहोटीचं पाणी कुणी उचललंच नव्हतं.

काकूंनी कॅलेंडरची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुह्या आईनं पाहुणचार म्हणून केलं गा. ह्याइनं काहून केलं?"

जनसुनावणीला मी रजा काढून गेलो. मंडपात पंखे, पाण्याच्या सीलबंद बाटल्या, पुढच्या खुर्च्यांवर साहेब. कंपनीचे एक साहेब माइकवर सांगत होते की, प्रक्रियेनंतर पाणी अगदी निर्धोक होतं. मी उठलो आणि काकूंनी पाठ करून घेतलेलं पहिलं वाक्य आपोआप तोंडातून पडलं.

"इतकं चांगलं असेल तर परत कारखान्यातच का वापरत नाही? नागपुरात आमच्या काकूंच्या मोरीचं पाणी साफ होऊन वीजकेंद्राला जातं. तुमचं त्याहून चांगलं आहे ना?"

मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हसून म्हणाले, "तुमचं शिक्षण काय?"

"आठवी. पण तिथी मोजता येते," मी म्हणालो आणि एकेक तारीख वाचली. सगळ्या भरतीच्या. तक्ता पुढे समजावून सांगावाच लागला नाही. मंडपातल्या प्रत्येक बाईला ते कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त पुढच्या खुर्च्यांना. माझी आई उठून उभी राहिली. "ओहोटीला या," ती साहेबांना म्हणाली. "चपला काढून या. मी दाखवते पाणी."

ओहोटीचे नमुने घेऊन मगच निर्णय, असा शेरा त्या दिवशी पडला. तो शेरा अजून शेराच आहे. परवानगी नाही, आणि पाइप मात्र ट्रकांनी आणून किनाऱ्यावर रचून ठेवलेत. माणूस आत चालत जाईल एवढे जाड. बहीण फोटो पाठवते. मी हॉटेलात माशाला मसाला लावता लावता ते लगेच उघडतो. हल्ली भीती नाही वाटत, राग येतो.

काकू गेल्या महिन्यात लेकीकडे उमरेडला राहायला गेल्या. गुडघे धरले, एकटीने घर झेपेना. टेम्पोत सामान चढवताना मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही समुद्र कुठला पाहिलात? मुंबईचा?"

"कुठं पाह्यला? मले कोण नेते?" त्या दोरी आवळत म्हणाल्या. "अंबाझरीच्या तलावापलीकडे पाणी पाह्यलं नाही मी."

 जे कधी पाहिलं नाही, त्यासाठी या बाईने माझी अर्धी वही फाडली होती.

काकू, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवील. तुमच्या लेकीला मी सांगून ठेवलंय. एक दिवस मी तुम्हाला न्यायला उमरेडला येणार आहे. आईने तुमच्यासाठी होडीत खुर्ची ठेवायचं कबूल केलंय, गुडघ्यांचं कारण चालणार नाही. ओहोटी लागली की खाडीचं पाणी तुमच्या हाताने भरा, उजेडाकडे धरा, वास घ्या. ते तेव्हाही वास घेण्याजोगं असेल, एवढं मी बघतो.