इनायत मिस्त्रीचे चार बोल्ट

‘मिस्त्री, हे कसं करायचं?’ असं कुणी विचारलं की इनायतुल्लाची छाती फुगे, आणि ‘मिस्त्री, हे असं करा’ असं कुणी सांगितलं की कपाळावर आठी पडे. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. कापसातून सरकी वेगळी करणारी ती धडधडी यंत्रं त्याला वचकून असत, असं तो स्वतःच सांगे. मग कापसाचे दिवस फिरले. दोन हजार पाचच्या दिवाळीत मालकानं जिनिंग भंगारात काढलं आणि मिस्त्री घरी बसला.

घर चालवलं ते हलीमाबीनं. एका खासगी दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम तिनं धरलं. रोज चाळीस चादरी, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, न्हाणीत उकिडवं बसून, बोअरच्या खाऱ्या पाण्यात. इनायतुल्ला सायकलवरून गाठोडी नेई-आणी, पण धुण्याला त्यानं कधी बोट लावलं नाही. फिटरचा हात पान्यासाठी असतो, धुणं बडवायच्या मोगरीसाठी नाही, असं त्याचं म्हणणं. आणि हे म्हणणं तो खाटेवर बसून ऐकवी.

पुढच्या ऑगस्टात दोन गोष्टी एकदम झाल्या. हलीमाबीच्या उजव्या हाताचं बोट सोड्यानं चिरलं होतं, ते चिघळलं. तिला आधीच साखरेचा त्रास. ‘हा हात पाण्यात घालणं बंद करा, नाहीतर बोट काढावं लागेल,’ असं डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं. त्याच आठवड्यात दवाखान्याचा निरोप आला, की पावसाचं कारण पुष्कळ ऐकलं, शनिवारपासून सकाळी आठला कोरड्या चादरी मिळाल्या नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ.

मिस्त्री त्याच दिवशी नागपूरला गेला. तिथलं एक लॉज बंद पडलं होतं. लॉजमधली, कपडे धुवायचं आणि सुकवायचं, अशी दोन जुनी मशीनं त्यानं खरेदी केली. गुरुवारी टेम्पो दारात उभा राहिला, चार हमालांनी देवाचं नाव घेत दोन्ही धुडं वर चढवली आणि खोलीच्या मधोमध टेकवून ते निघून गेले. आता ती ठेवायची कुठे, हा प्रश्न उरला.

न्हाणीचं दार सव्वीस इंचाचं आणि मशीन अठ्ठावीस. गॅलरीत पाण्याचे ड्रम. नळ आठवड्यातून एकदा येई, त्यामुळे ते हलवायची सोय नव्हती. स्वयंपाकघराचं नाव काढताच हलीमाबी उसळली.

“दवाखान्याच्या रक्ताच्या चादरी अन् माह्या रोट्या एका खोलीत? ते नापाक पाणी चुलीपाशी? मले नाई चालत.”

“मंग कुठं ठेवू? माह्या डोक्यावर?”

“खाली जिन्याखाली जागा हाय. बोअरचा नळ हाय, मोरी हाय. पंजाबरावले विचारून त पाहा.”

जिन्याखाली जागा होती हे खरं, पण तिथे पंजाबरावांच्या ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी छताला टेकली होती. पंजाबराव म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, बरोबर खालच्या ब्लॉकमध्ये राहणारे. शेंदूरजनाघाटला त्यांचा संत्र्याचा बगिचा होता. विहिरी आटल्या, झाडं उभ्या उभ्या वाळली, तोडावी लागली, आणि सहा वर्षांपूर्वी पंजाबराव नळ्या घेऊन अकोल्याला आले. त्या नळ्यांना हात लावील त्याचा हात मोडीन, असं त्यांनी भर मिटिंगीत सांगितलं होतं.

“मी नाई कोणाच्या दारात जात,” इनायतुल्ला म्हणाला. “सव्वीस वर्षं मशीनं बसवली मी.”

धुवायच्या मशीनला जागा त्यानं ठरवली ती बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्याची. गॅलरीच्या मोरीला पाइप पुरत होता. एकच गोष्ट त्याला टोचत होती. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली पंजाबरावांच्या बायकोची, सत्यवतीबाईंची, खाट होती. अर्धांगवायूनं दोन वर्षं त्या तिथेच पडून होत्या. मागे पंखा बसवायला गेला तेव्हा मिस्त्रीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“खाली वयनी झोपल्या हायेत, आठवण हाय ना?” हलीमाबीनं विचारलं.

“मशीन हललंच नाई त खाली काय समजते? जकडून टाकतो.”

इथे मिस्त्री चुकला, आणि जिनिंगचा फिटरच चुकेल तसा चुकला. जिनिंगमधलं यंत्र जमिनीवर बसतं. खाली तीन फूट काँक्रीट, त्यात बोल्ट, आणि यंत्राची सगळी थरथर धरणीमाय पोटात घेते. इथे खाली धरणीमाय नव्हती. पाच इंचाचा स्लॅब होता आणि त्याखाली एक आजारी बाई होती. पण सव्वीस वर्षांची सवय माणसाला विचार करू देत नाही. शुक्रवारी नमाज पढून आल्यावर त्यानं चार भोकं पाडली, चार बोल्ट ठोकले आणि लांब पान्यानं आपल्या अंगाचा भार टाकून आवळले.

भारनियमनाचे दिवस. वीज दुपारी तीनला आली, ती सहाला जाणार होती. त्यानं दहा चादरी भरल्या आणि बटण दाबलं. पाणी भरलं, मशीन सावकाश फिरलं, सगळं ठीक. हलीमाबी बोट पदराखाली धरून दारात उभी होती.

मग पिळायची पाळी आली. मशीननं वेग घेतला. ते जागचं हललं नाही, पण त्याऐवजी सगळी खोली हलली. मांडणीवरची भांडी वाजू लागली, खिडकीची काच थरथरली.

“बंद करा! अजी, बंद करा!”

“थांब, एकदा वेग बसला की—”

खालून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ पंजाबरावांची हाक आली. ती शिवी असती तर बरं झालं असतं. ते बायकोला हाक मारत होते.

इनायतुल्लानं बटण कसं बंद केलं आणि जिना कसा उतरला हे त्याला नंतर सांगता आलं नाही. पायांत चप्पल नव्हती. खालचं दार उघडंच होतं. छताच्या प्लास्टरचा परातीएवढा तुकडा खाटेवर पडून फुटला होता, आणि सत्यवतीबाईंचा चेहरा चुन्यानं पांढराफटक झाला होता. क्षणभर त्याला वाटलं, संपलं. आपण या बाईला मारलं. मग त्या खोकल्या.

तुकडा उशीपासून वीतभर अंतरावर पडला होता.

“काहून रे?” पंजाबरावांनी त्याची कॉलर धरली. “जीव घेऊन राहिला काय माह्या बायकोचा? फिटर म्हणवते स्वतःले! आत्ताच्या आत्ता भंगारात घाल ते!”

“चूक माही हाय, भाऊ,” इनायतुल्ला म्हणाला. हे शब्द त्यानं आयुष्यात कुणासमोर उच्चारले नव्हते. “जाग्याचा विचार मी केलाच नाई. हलीमाचं बोट कापा लागन म्हणते डॉक्टर, म्हणून घाई केली. तुमाले जिन्याखालची जागा मागा लागन, म्हणून इथं ठोकलं. माही अकड नडली.”

पंजाबरावांची पकड सैल झाली नाही. हलीमाबी एव्हाना खाली आली होती. ती खाटेपाशी बसून डाव्या हातानं, ओल्या फडक्यानं सत्यवतीबाईंचे डोळे पुसत होती. सत्यवतीबाईंची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत.

“आयकता काय?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “त्या नळ्या काढा.”

“तू नको बोलू.”

“काढा. झाडं नाई राह्यली. नळ्या कोणासाठी ठेवल्या?”

सहा वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. पंजाबरावांनी कॉलर सोडली. ते बाहेर गेले. इनायतुल्ला मागे गेला तर ते जिन्याखाली वाकून पहिलं भेंडोळं ओढत होते. तो मदतीला पुढे झाला.

“हात नको लावू. मी काढतो.”

इनायतुल्ला पायरीवर बसला. जिनिंग भंगारवाल्यानं नेलं त्या दिवशी शेवटचे बोल्ट त्यानंही दुसऱ्या कुणाला सोडू दिले नव्हते. पंजाबराव एकेक भेंडोळं फाटकापाशी नेऊन ठेवत होते, मध्ये थांबून धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते. मिस्त्री पायरीवरून उठला नाही. शेवटचं भेंडोळं गेल्यावर पंजाबराव म्हणाले, “उद्या आण खाली. अन् ते प्लास्टर तूच करून देशील.”

“देतो, भाऊ.”

धुवायच्या मशीनला जागा मिळाली, पण ती उद्या. ते खाली आणायला पुन्हा चार हमाल लागणार होते. सुकवायचं मशीन संथ फिरणारं, ते वरच राहायला हरकत नव्हती. वीज रात्री नऊला पुन्हा येणार होती. पण सुकवायला आधी धुतलेल्या चादरी हव्यात. दहा मशीनमध्ये साबणात अडकल्या होत्या आणि तीस तशाच गाठोड्यात. सकाळी आठला चाळीसच्या चाळीस पोचवायच्या होत्या.

तो वर आला तेव्हा हलीमाबी न्हाणीत बसली होती. बोटाची पट्टी तिनं सोडून ठेवली होती आणि हात सोड्याच्या टपाकडे चालला होता. इनायतुल्लानं तो मनगटापाशी धरला.

“ऊठ,” तो म्हणाला.

ती उठली. तो बसला, बाह्या वर सारल्या आणि चादर टपात बुडवून मोगरी उचलली. पहिले दोन फटके जमिनीवरच बसले. तिसरा बरोबर बसला. पाचव्या चादरीपर्यंत पाणी त्याच्या अंगभर झालं होतं आणि सोडा बोटांच्या बेचक्यांत झोंबत होता.

हलीमाबी दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती. रागानं तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

“नऊ महिने कुठं होते हे हात?”

मिस्त्रीनं पुढची चादर ओढली.